भूल देणाऱ्या डॉक्टरांचे सार्वमत

एकट्या माणसाला सार्वमत घेता येते का, आणि घेतलेच तर त्याचा निकाल कोणावर बंधनकारक असतो, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. प्रश्न नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला वाटेल. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले असल्यामुळे तो माझ्या विषयाबाहेरचाही आहे. पण लंडनच्या पिनर या उपनगरात आमच्या मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तो माझ्यापुढे मांडला आणि मग तो टाळता आला नाही. सबंध इंग्लंडात कायद्याला त्यांच्याइतका भिणारा माणूस दुसरा नसेल आणि कायद्याशी त्यांच्याइतका भांडणाराही नसेल, असे मी पूर्ण विचारांती म्हणते. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. ती तशी नाहीत, हे पुढे दिसेल.

आधी भिण्याची उदाहरणे घेऊ. रविवारी पहाटे, रस्त्यावर मांजरसुद्धा नसताना, डॉक्टर पादचाऱ्यांच्या लाल दिव्यापाशी उभे राहत. पाऊस असला तर छत्री उघडून उभे राहत. "कोणी बघत नाहीये, डॉक्टर," असे मी एकदा म्हटले, तर म्हणाले, "म्हणूनच तर पाळायचा, बाई. बघत असताना सगळेच पाळतात." पुण्याहून परतताना हीथ्रोवर आम्ही सारे मान खाली घालून, सांगण्यासारखे काही नसलेल्यांच्या हिरव्या वाटेने सटकत असू. डॉक्टर मात्र लिंबाच्या लोणच्याची बरणी दोन्ही हातांत धरून लाल वाटेने जात आणि कस्टमच्या अधिकाऱ्याला लिंबू, मीठ, मोहरी आणि हिंग यांचे प्रमाण समजावून सांगत. अधिकारी कंटाळून "जा हो" म्हणाला, तरी यांचे समाधान होत नसे. त्याने बरणी उघडून पाहिली पाहिजे असा यांचा आग्रह. घरी कोजागिरीला चार माणसे गाणार असली, तर आठवडाभर आधी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांची परवानगी काढून येत. यामुळे त्यांच्या घरच्या मैफलीला गाणारे कमी आणि तक्रार नसल्याचे कळवायला आलेले इंग्रज शेजारी जास्त असत.

त्यांचा पेशाही त्यांना सोडून गेलेला नव्हता. समोरच्या माणसाच्या पापण्यांकडे पाहत बोलण्याची सवय त्यांना आयुष्यभराची. आपण अजून शुद्धीवर आहोत की नाही याची ते नोंद घेत आहेत, असे वाटत राही. आमच्या मराठी मंडळात एका पाहुण्यांचे व्याख्यान लांबले, तेव्हा डॉक्टरांनी मागे वळून सभागृहावरून एक नजर फिरवली आणि हलकेच मला म्हणाले, "पूर्ण भूल चढली आहे सगळ्यांना. आता खुशाल पोट उघडायला हरकत नाही."

अशा या माणसाच्या घरात त्यांच्या पत्नीचा, आमच्या वहिनींचा, आजार आला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा तो आजार, ज्यात शरीर हळूहळू आपल्याच आज्ञा विसरते. वहिनींचे पाय अचानक लाकडासारखे आखडत आणि ते आखडणे सुटेपर्यंत त्या पलंगाची कड धरून ठेवत. नेहमीची औषधे झाली, मालिश झाले, व्यायाम झाले. ज्यांनी हॉस्पिटलात अगणित परक्या माणसांची वेदना मिटवली, त्यांना घरातल्या एका माणसाची मिटवता येईना. त्या दिवसांत डॉक्टर लोकांच्या पापण्यांकडे पाहीनासे झाले, एवढे माझ्या लक्षात आले.

पलीकडच्या घरातली वृद्ध इंग्रज बाई एकदा कुंपणावरून वहिनींना म्हणाली, की तिच्या बहिणीला हाच आजार होता आणि तिला थोड्याशा गांजाने झोप लागत असे. हवा असेल तर तिचा भाचा आणून देईल. वहिनींना ते पटले. त्या स्पष्टवक्त्या नागपूरकर होत्या. डॉक्टरांनी मात्र नकार दिला. गांजा बेकायदा होता. पुढे २००४ मध्ये सरकारने तो अमली पदार्थांच्या 'ब' वर्गातून 'क' वर्गात उतरवला, तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला बसले होते.

"अहो, 'क' वर्ग झाला म्हणतात. आता तरी आणा की," वहिनी म्हणाल्या.

"'क' वर्ग म्हणजे परवानगी नव्हे. शिक्षा कमी झाली. गुन्हा तसाच आहे."

"म्हणजे नापास तो नापासच, नुसते मार्क वाढले," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "बाई, तुम्हीच सांगा, अशा विद्यार्थ्याचं तुम्ही काय करत होता?"

याच सुमारास डॉक्टरांच्या कॉलेजातल्या मित्राचा कॅलिफोर्नियाहून फोन आला. तिथे म्हणे लोक सह्या गोळा करून एखादा कायदा थेट मतपत्रिकेवर नेतात. सरकार प्रत्येक मतदाराच्या घरी एक पुस्तिका पाठवते. तिच्यात त्या कायद्याच्या बाजूचे आणि विरोधातले म्हणणे शेजारी शेजारी छापलेले असते. आणि मग लोक हो किंवा नाही म्हणतात. आजाऱ्यांना गांजा घेण्याची मुभा तिथे अशाच मतदानाने मिळाली होती. डॉक्टर त्या फोनने भारावून गेले. "आणि इथे काय? इथे खासदाराला पत्र लिहायचं, आणि आपली भूमिका समजली असं त्याच्या सेक्रेटरीनं कळवलं की ते कपाटात ठेवायचं," ते म्हणाले. इंग्लंडात अशी सोय नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी वहिनींशी एक करार केला. आपण आपल्या माणसांत मतदान घ्यायचे. मंडळातल्या बहुमताने हो म्हटले, तर तो समाजाचा निर्णय मानून ते पलीकडच्या बाईचे दार ठोठावतील. नाही म्हटले, तर विषय संपला. वहिनींनी हात पुढे केला आणि दोघांनी चक्क हस्तांदोलन केले. निवडणूक अधिकारी म्हणून माझी नेमणूक तिथल्या तिथे झाली, आणि अधिकाऱ्याने तटस्थ असावे म्हणून माझा मताधिकार काढून घेण्यात आला.

प्रचार डॉक्टरांनी घरोघर जाऊन केला. हॅरो, वेम्बली, ईलिंग रोडवरच्या वाण्याच्या दुकानातली रांग, मेट्रोपॉलिटन लाइनचा डबा, काही म्हणता काही सोडले नाही. सर्वत्र त्यांना चहा आणि होकार मिळाला. इथे आपल्या माणसांचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो: दारात आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण नाही म्हणत नाही. आपण म्हणतो, "अगदी बरोबर आहे तुमचं." आपण म्हणतो, "अजून एक चकली घ्या." इथेच जन्मलेली एक वकील मुलगी म्हणाली, "काका, मी टोटली सपोर्ट करते. फक्त माझा नाव कुठे लिहू नका हं." मंडळाच्या चिटणिसांनी सर्वांचा पाठिंबा असल्याचे कळवून एकच दुरुस्ती सुचवली.

"काका, तेवढा गांजा शब्द नको. आपण वनौषधी म्हणू या ना."

"फसवून घेतलेलं मत मला नको," डॉक्टर म्हणाले आणि मतपत्रिकेवर गांजा हा शब्द ठळक अक्षरांत छापून घेतला.

मग पुस्तिका. तीही कॅलिफोर्नियासारखीच हवी, म्हणजे डाव्या पानावर बाजू आणि उजव्या पानावर विरोध. विरोधातले पान लिहायला कोणी मिळेना, कारण तोंडावर सगळेच बाजूचे होते. तेव्हा दोन्ही पाने डॉक्टरांनी स्वतःच लिहिली. शुद्धलेखन तपासायला मजकूर माझ्याकडे आला, आणि मी वाचून थक्क झाले. डावे पान भावनेने ओथंबलेले आणि विस्कळीत होते. उजवे पान अप्रतिम होते. त्यात तरुण मुलांची काळजी होती, मनोविकारांचा धोका होता, औषधाची मात्रा ठरवण्यातली अडचण होती, परक्या देशात आपल्या समाजाने नाव जपण्याची गरज होती, आणि हे सारे इतक्या शांत, तर्कशुद्ध मराठीत होते की मी स्वतःच डगमगले.

"डॉक्टर, तुमचा विरोध तुमच्या बाजूपेक्षा सरस झाला आहे."

"त्यांच्या बाजूने लिहिणारं कोणी नव्हतं ना, बाई. म्हणून जास्त मेहनत घेतली."

दिवाळीच्या कार्यक्रमात, वेम्बलीतल्या एका शाळेच्या सभागृहात, फराळाच्या टेबलाशेजारी मतदान झाले. शॉर्टब्रेड बिस्किटांच्या एका मोठ्या डब्याच्या झाकणाला फट पाडून डॉक्टरांनी मतपेटी केली होती. लोक पुस्तिका वाचत रांगेत उभे राहिले, पडद्याआड गेले, बाहेर येऊन डॉक्टरांकडे पाहून प्रेमाने हसले. डॉक्टरांनी स्वतः मत दिले नाही. आपला स्वार्थ गुंतला आहे असे त्यांचे म्हणणे. वहिनी चाकाच्या खुर्चीत बसून सर्व पाहत होत्या. मी स्वयंपाकघरात, चहाच्या बंबाजवळ, चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. होकाराचा ढीग इतका लहान होता की तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मी चमचा ठेवला.

निकाल डॉक्टरांनीच वाचून दाखवला, आणि मतदान शांततेत पार पडल्याबद्दल आभार मानले. टाळ्या झाल्या. घरी जाताना गाडीत वहिनी म्हणाल्या, "अहो, एक मात्र मानलं तुम्हाला. तीस वर्षं मी या लोकांना ओळखते. आज पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं."

पुढच्या दोन आठवड्यांत डॉक्टरांच्या घरी माणसांची रीघ लागली. कोणी जायफळ घातलेली बासुंदी आणली, कोणी केरळातले तेल. आणि प्रत्येकाने निघताना, चपला घालता घालता, आवाज खाली आणून सांगितले, "मी तुमच्याच बाजूनं दिलं होतं हो." डॉक्टर प्रत्येक वेळी मनात बेरीज करत गेले. शेवटी एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, मोजणी चुकली असेल का? चपला घालणाऱ्यांचंच बहुमत झालं आहे."

मी चुकले असते तर फार बरे झाले असते. चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर एकेक उलगडून मी पुन्हा मोजल्या. उत्तर तेच आले. डॉक्टरांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही असताना चुकणार नाही, हे माहीत होतं." एवढे बोलून ते निघाले. माझ्या खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. कोपऱ्यावर हिरवा दिवा लागून गेला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, तरी ते उभेच होते.

निकाल कोणावर बंधनकारक होता, ते असे ठरले. मत देणारे ते विसरून गेले. एकट्या डॉक्टरांनी तो पाळला. पाळला म्हणण्याला एक अपवाद वहिनींनी मला सांगितला, पुढच्या हिवाळ्यात, त्या फारशा बोलू शकत नसताना. एका फार वाईट सकाळी डॉक्टर कोट घालून पलीकडच्या बाईच्या दारापर्यंत गेले होते. खिडकीतून वहिनींना दिसत होते. बराच वेळ ते पायपुसण्यावर उभे होते. मग घंटी न वाजवता परत आले, कोट काढला आणि वहिनींचे पाय चोळत बसले.

"दारापर्यंत गेले हो, बाई," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता. "माझ्यासाठी एवढा मोठा गुन्हा केला त्यांनी."

त्या वसंत ऋतूत वहिनी गेल्या. मला वाटले होते, डॉक्टरांची ही मोहीम आता संपेल. झाले उलटेच. दर शनिवारी ते वाचनालयाबाहेर घडीचे टेबल मांडून बसू लागले. अर्थात कौन्सिलची परवानगी काढून. पुढे डबा, बाजूला मतपत्रिका, दोन्ही बाजूंची पुस्तिका आता इंग्रजीत. येणारेजाणारे घाईत असत. पुष्कळांना ते कसल्याशा धर्मादाय कामाचे वाटत, म्हणून न वाचताच डब्यात नाणी टाकून जात. डॉक्टर प्रत्येकामागे धावत, "मत हवंय, पैसे नकोत," असे सांगत. लोक ओशाळून आणखी एक नाणे टाकत. ती नाणी ते शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या हॉस्पिसला नेऊन देत, आणि पावती घेत.

या वर्षाच्या, म्हणजे २००९ च्या, सुरुवातीला सरकारने गांजा परत 'ब' वर्गात नेऊन ठेवला. त्या शनिवारी मी मुद्दाम थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. थंडी कडक होती, टेबलापाशी कोणी नव्हते. त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले.

"डॉक्टर, एक विचारू? आता कोणासाठी?"

ते पूर्वीसारखे माझ्या पापण्यांकडे पाहत होते. किती दिवसांनी, ते मला सांगता येणार नाही.

"घरी कोणी 'अहो' म्हणत नाही, बाई," ते म्हणाले. "इथे निदान एखादा थांबतो. आणि तो थांबला, की कुणाचे तरी पाय आखडतात हे मी त्याला सांगू शकतो." मग त्यांनी मतपत्रिकांची चळत सारखी केली. "शिवाय अजून एकाही माणसानं मला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नाही. तेव्हाच म्हटलं असतं, तर आशा नाही हे मी तिला लवकर सांगू शकलो असतो. ती वाट पाहत बसली नसती."

आम्ही दुपारपर्यंत तिथे होतो. तिघे थांबले. दोघांनी पत्ता विचारला, एकीने नाणे टाकले.

मी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर वर आले आहे. पण केवळ माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवू नये. तुमच्या दारातही कोणीतरी असाच प्रश्न घेऊन येईल, आणि तुम्ही त्याला चहा द्याल, होकार द्याल. तो गेल्यावर दार लावा, एक कोरा कागद घ्या, त्यावर खरे उत्तर लिहा, आणि दोन्ही जुळतात का हे कृपया स्वतः तपासून पाहा. जुळत नसतील, तर तो रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचला नसेल तोच त्याला हाक मारा.