चार बोटं पाणी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. चौथ्या चारीवरचा नवा रस्ता आणि त्याखालून पाणी नेणारे सिमेंटचे पाइप, एकूण खर्च तीन लाख सत्त्याऐंशी हजार चारशे साठ रुपये. पाटकऱ्याला हा आकडा तोंडपाठ होता. तो मंजूर व्हावा म्हणून त्यानेच नऊ वर्षांत सोळा अर्ज खरडले होते.

कालव्याचं पाणी चारीतून पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. सत्तावीस वर्षं तो ते करत होता. त्याला सगळे काठीमामा म्हणत. त्याच्या काठीवर आधीच्या पाटकऱ्याने पाडलेली एक खोल खाच होती, तळापासून बरोबर बारा बोटांवर. चारीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी दारापुढे पाण्यात काठी टेकवायची आणि पाणी खाचेला लागलं की दार तिथेच थांबवायचं. दाराजवळच्या भिंतीवरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. काठीवर मात्र कोणी कधी शंका घेतली नाही.

चारीच्या अगदी शेवटी त्याच्या थोरल्या बहिणीचं तीन एकर रान होतं. तिथे पाणी पोचायचं ते जेमतेम पाय ओले करण्यापुरतं. ट्रॅक्टर आणि गाड्या चारीतूनच पलीकडे जात, काठ मोडत, म्हणून पाणी वाटेतच फुटतं, असं सगळ्यांचं मत होतं. आता गाड्या वरून आणि पाणी खालून जाणार होतं.

त्या दिवशी पाटकऱ्याच्या पायाला भिंगरी लागली होती. पाच वाजताच दाढी करून तो दारावर हजर झाला. बहिणीने कोबी काढून बांधाला रचून ठेवला होता, कारण आयुष्यात पहिल्यांदा ट्रक थेट तिच्या रानापर्यंत येणार होता.

"पाणी आलं तर तुला चहा," ती म्हणाली. "नाही आलं तर कपबशी तूच विसळायचीस."

"ताई, आज साखर जास्त घाल."

आठ वाजता पाणी खाचेला लागलं. साडेदहाला ते पाइपातून पलीकडे आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकराला ते बहिणीच्या बांधापासून दीडशे पावलांवर रेंगाळलं आणि मातीत जिरून गेलं.

"पाइप वर बसवलाय," कोणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणू लागले.

ठेकेदार घामाघूम झाला. "मॅडम, तुमच्या खुणेवरच बसवलाय. दोरी लावून."

कालवा खात्याची इंजिनिअर तरुण होती, पण घाईची नव्हती. ती सगळ्यांना घेऊन दारापर्यंत गेली आणि तिने स्टीलची पट्टी पाण्यात उभी धरली.

"पंधरा सेंटिमीटर. काका, तुम्ही किती सोडलंय?"

"बारा बोटं. बावीसच्या आसपास."

तिने पट्टी पुन्हा धरली. "माझी पट्टी गाळावरच्या दगडावर टेकत असेल. तुमचं माप कसं चुकेल? मग पाइपच उकरून काढायला हवेत. रस्ता फोडू, उरलेलं काम पुढच्या वर्षी."

ठेकेदार मटकन काठावर बसला. पाटकऱ्याने काठी आडवी धरली आणि खाचेखाली बोटं ठेवून मोजली. चार आणि चार, आठ. पुन्हा मोजली. आठच. रोज अकरा किलोमीटर खडकाळ काठावरून टेकत नेलेली काठी खालून चार बोटं झिजली होती. सत्तावीस वर्षांत त्याने पाणी हजारो वेळा मोजलं, पण काठी एकदाही मोजली नाही.

गप्प राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. वरच्या शेतांना त्यांचं पाणी मिळतच होतं. वाटेत जिरायचं ते जिरून उरतं ते शेवटच्याला, आणि चार बोटं कमी सोडली की शेवटच्याला काहीच उरत नाही.

"मॅडम, पाइप बरोबर आहेत," तो म्हणाला. "काठी झिजलीय. माझीच चूक."

ठेकेदार उठला, त्याने मोटरसायकल चालू केली. "मामा, दार उचला आणि बसा मागे."

पट्टीने बावीस मोजून दार वर गेलं. एरवी शेवटापर्यंत चालायला तास लागायचा, आज नव्या रस्त्याने सहा मिनिटं लागली. मग वाट पाहणं. पाण्याचा लोंढा पाइपातून बाहेर पडला, तेव्हा पाटकरी पायजमा गुडघ्यापर्यंत धरून त्याच्या बाजूने पळत सुटला. दीडशे पावलांची ती जागा पाण्याने मागे टाकली. दोनला ते बहिणीच्या शेवटच्या वाफ्यात शिरलं, आणि मागोमाग ट्रक बांधाला येऊन उभा राहिला.

त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ती वाफ्यातल्या पाण्यात उभी होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी दिसेल त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली, "आणि तुला मात्र वाढून जेवायला घातलं."

"हो."

"आता कोबी उचलू लाग. चहा नंतर."

चौऱ्याऐंशी पोती त्याने ट्रकमध्ये चढवली, पाठ धरेपर्यंत. इंजिनिअरने दाराच्या भिंतीवर नवे आकडे रंगवून घेतले. पाटकऱ्याने काठीला खालून चार बोटांची लोखंडी शेंबी बसवून घेतली. लोहाराचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.