गच्चीवरची टाकी

फायबरच्या रेझिनचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. सुटे भाग मागवून इकडे आखातात, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून मी फायबरच्या बॉडीची बिनटपाची गाडी बांधली, एकेक नट स्वतः आवळला. ती पहिल्यांदा बिल्डिंगखाली आणली, तर शेजारच्या पुणेकर साहेबांनी गाडीच्या दारावर टकटक केलं. "फायबर? म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं!" वर बायकोला हाक, "अगं, टाकी बघायला ये!" टाकी म्हणे! दाराच्या फटीत नखसुद्धा जात नव्हतं, ते नाही दिसलं. पुढच्याच पावसात गाडीत घोट्याएवढं पाणी साचलं आणि आठवडाभर एक थेंब बाहेर गेला नाही. हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.