बेलभंडारा

'श्रद्धा आणि विश्वास' असं भाषणात कुणी एका दमात म्हणून टाकलं की मला राग येतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी पाटोद्याजवळच्या आमच्या गावात, खंडोबाच्या देवळात बघितलंय.

त्या दुष्काळात रान करपलं होतं आणि आमचं घर एका म्हशीवर चाललं होतं. आई धार काढायची आणि दूध सोसायटीच्या डेअरीवर घालायची. एके दिवशी लॅक्टोमीटरवर दुधाला डिग्री लागेना. दुसऱ्या दिवशीही तेच. डिग्री कमी म्हणजे दुधात पाणी, डेअरीत एवढंच गणित. म्हशीच्या पोटात उसाच्या वाढ्यांशिवाय काही नव्हतं, पण ते कोण विचारतो?

"पाणी असतं तर म्हशीलाच न्हाई का पाजलं?" आई म्हणाली. लोक हसले, पण शंका काही गेली नाही.

चेअरमन आमच्या भावकीतलेच. त्यांनी तोड काढली, "वैनी, रविवारी देवळात बेलभंडारा उचला, विषय मिटला. न्हाईतर दूध आणू नका."

हातात बेलभंडारा घेऊन खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, असं आमच्याकडे मानतात. आई तर रविवारी देवाला भंडारा वाहिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. त्यामुळे मी निर्धास्त होते.

रविवारी अर्धं गाव जमलं. गुरवानं ताट पुढं केलं आणि आईनं हात मागं घेतले.

"म्या न्हाई उचलणार."

"कावून?" चेअरमन म्हणाले. "खरं हाय तर भ्यायचं कशाला?"

"देवावर माजी श्रद्धा हाय, भावजी. इश्वास तुमचा न्हाई माज्यावर. त्याच्यापायी मी देवाला कावून साक्षीला वडू? सकाळी गोठ्यात या, धार काढताना बघा."

मागून कुणीतरी म्हणालं, "चोराच्या मनात चांदणं." दूध बंद झालं तर म्हैस विकावी लागणार होती, आणि त्या दिवसांत जनावराला कसायाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. मला आईचा भयंकर राग आला. उचल की बाई, काय जातंय तुझं?

तेवढ्यात वडील उठले. मांजर आडवं गेलं तरी माघारी फिरणारा हा माणूस. धारेच्या वेळी ते कधी गोठ्यात फिरकले नव्हते. त्यांनी ताटातला बेल आणि मूठभर भंडारा उचलला. निम्मा भंडारा धोतरावरच सांडला.

"माज्या घरच्या दुधात पाणी असंल तर माजं वाटुळं हुईल."

चेअरमननी मान डोलावली. सकाळपासून दूध घ्यायचं ठरलं.

घरी आल्या आल्या आईनं चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. मग वडिलांकडे न बघताच तिनं विचारलं, "तुमी तर कदी धारंला आला न्हाईत. कशाच्या जिवावर उचललात?"

वडील उंबऱ्यात बसून धोतरावरचा भंडारा झटकत होते.

"तू उचलला न्हाईस, त्याच्याच जिवावर."