हॉल दहाला बंद

मी इथे परदेशात, डँडेनॉन्ग नावाच्या उपनगरात राहते आणि नोकरी करते तिथून बरीच लांब, एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत. लोकांचं मत विचारणं हे माझं काम. साहेबांनी आधी ठरवायचं आणि मग मी हसतमुखाने लोकांना विचारत फिरायचं, असा तो सगळा प्रकार.

मागच्या हिवाळ्यात मला माओरी मंडळींकडे पाठवलं. न्यूझीलंडहून आलेली त्यांची बरीच कुटुंबं आमच्या भागात आहेत. त्यांची मागणी एकच होती. त्यांच्यातलं कोणी गेलं, तर कौन्सिलचा हॉल तीन दिवस मिळावा, रात्रीसुद्धा. मृताला पुरेपर्यंत ते त्याला एकटं सोडत नाहीत. आळीपाळीने शेजारी बसतात, त्याच्याशी बोलतात, लांबचे नातलग पोचेपर्यंत थांबतात. हॉल मात्र रात्री दहाला बंद होतो.

पहिल्या बैठकीत ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे मी प्रत्येकाला तीन मिनिटं दिली. त्यांनी मान डोलावली आणि आपला डोंगर, आपली नदी, आपले पूर्वज इथपासून सुरुवात केली. माझी तीन मिनिटं कुठल्या कुठे गेली. एकाचं बोलणं झालं की त्याची माणसं उठून त्याच्या शेजारी उभी राहत आणि गात. तो एकटा बोलत नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

चहाच्या वेळी त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी मला माझी नदी विचारली. त्यांना सगळेच आंटी म्हणत. मी मुठा म्हणाले, आणि मग कोणी न विचारता बाबा गेले तेव्हाचंही सांगून बसले. आमच्याकडे उशीर करत नाहीत, त्यामुळे त्याच दिवशी सगळं उरकलं होतं. मी पोचले ती तिसऱ्या दिवशी, अस्थी सावडायला. इथे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला?

महिन्याभराने कौन्सिलचा नकार आला. कारणं नेहमीचीच: इन्शुरन्स, सिक्युरिटी, शेजाऱ्यांची झोप. साहेब म्हणाले, तूच जा, तुझं त्यांच्याशी छान जमतं. त्यांना स्वतःला नेमकी दुसरी मीटिंग होती. मी मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि गेले.

दुपारची बैठक होती. मी उभी राहून नकार सांगितला. कोणी चिडलं नाही, कोणी उठलंही नाही. जरा वेळाने लक्षात आलं, माझी माणसं उठायची म्हणून सगळे थांबलेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स होती. इतक्या वर्षांत या देशात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आंटी काठी टेकत उठल्या. त्यांनी दोन बायकांना खुणेने बोलावलं. तिघी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि गायल्या, नकार घेऊन आलेल्या माझ्यासाठी. शब्द कळत नव्हते. मी जमिनीकडे बघत राहिले.

गाणं संपल्यावर आंटींनी स्पष्ट सांगितलं, हा निर्णय चुकीचा आहे, आम्ही पुन्हा मागणार, आणि पुढच्या वेळी तुझ्या साहेबांना घेऊन ये. मग माझा हात हातात घेतला.

"आम्ही असतो तर तुझ्यासाठी थांबलो असतो," त्या म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावल्या, दिवे बंद केले आणि हॉलला कुलूप घातलं.