पुष्पा वरठाची मालकी

तलासरीत हायवेच्या पुलाजवळ परेशचं पार्सलचं गोदाम होतं. गोदाम कसलं, पत्र्याची शेड. पण वर बोर्ड मोठ्या कंपनीचा, त्यामुळे परेश स्वतःला उद्योजक म्हणवून घ्यायचा. त्याचे वडील डहाणूला रेल्वेत होते. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या फंडातून त्यानं ही फ्रँचायझी घेतली. नाव कंपनीचं, दर कंपनीचे, टी-शर्टाचा रंगसुद्धा कंपनीनं ठरवलेला. परेशच्या स्वतःच्या मालकीची तिथं एक फिरती खुर्ची होती.

पुष्पा वरठा त्याच्याकडे चार वर्षं पार्सलं पोचवत होती. मी उधव्याच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी पुस्तकं तीच आणून द्यायची, तशी ओळख झाली. बारावी झालेली, तिशीच्या आसपासची, स्कूटर चालवणारी. घरी ती आणि तिची आई भिकी. कंपनीच्या ॲपवर पत्ता यायचा, ‘उधवा, ता. तलासरी’. बस, एवढंच. कुठला पाडा, कुठल्या नाल्यापलीकडचं घर, कोण दुपारी शेतावर असतं आणि कोण संध्याकाळी झाईच्या बंदरावरून परत येतं, हे सगळं पुष्पाला पाठ. दुसऱ्या पोरांची अर्धी पार्सलं परत जायची. हिचं एखादंच.

तिच्या तोंडात शिव्या नसत. पण एखाद्याकडे ती असं बघायची, की त्यानं शर्टाची बटणं तपासून घ्यावीत. परेशकडे ती चार वर्षं तसंच बघत आली होती. तिच्याविषयी लिहायला बसले ते तेवढ्यासाठीच.

गेल्या हिवाळ्यात नवे कामगार कायदे लागू झाले. कामावर ठेवलेल्या प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, असं त्यात होतं. परेशनं कंपनीला विचारलं. कंपनीनं त्याला कळवलं, की माणसं तुमची आहेत, तुमचं तुम्ही बघा. मग कंपनीच्याच कुणा शहाण्यानं त्याला वाट दाखवली. परेशनं एका शनिवारी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं, पेढे वाटले आणि उभा राहून म्हणाला, “सोमवारपासून इथं कोणी नोकर नाही. तुम्ही सगळे मालक. प्रत्येकाची मिनी फ्रँचायझी!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पानं पेढा खाल्ला आणि करार वाचायला घेतला. इंग्रजी, अठरा पानं.

“अगं, सही कर ना. वाचतेस काय?” परेश म्हणाला.

“मालकीण होते आहे. वाचायला नको?”

ती करार घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी रविवारभर डोकं घातलं. पुष्पा ही स्वतंत्र व्यावसायिक आहे, तिला कोणी नोकरीला ठेवलेलं नाही, स्कूटर पडली, हात मोडला, तर तिचं ती बघेल, असं तीन-तीनदा लिहिलं होतं. मी म्हटलं, “सही करू नकोस.”

“नाय बाई, करते,” ती म्हणाली. “त्याला मालकीण पाहिजे ना? बघू दे त्याला मालकीण कशी असते.”

सोमवारी ती कामावर गेलीच नाही. मंगळवारी गेली ती अकरा वाजता, स्वतःच्या हिरव्या कुडत्यात. परेश खुर्चीतून उठला.

“टी-शर्ट कुठाय? आणि काल कुठं होतीस?”

“काल माझी फ्रँचायझी बंद होती, परेशभाई.”

“मस्करी नको, पुष्पा. आठ म्हणजे आठ.”

“आठ वाजता नोकर येतात. इथं नोकर नाय, तुम्हीच बोललात.”

परेश कंपनीला फोन लावायला लागला. त्याचं सगळं बोलणं कंपनीकडून यायचं. पुष्पानं तिची पार्सलं उचलली, नाल्यापलीकडची चार बाजूला ठेवली. या दरात तिकडे जमणार नाही, म्हणाली. पंधरवड्यात तिनं दुसऱ्या दोन कंपन्यांची पार्सलंही घ्यायला सुरुवात केली आणि तीही परेशच्या शेडसमोर उभी राहून स्कूटरवर लादायची. तो ओरडला, की हे करारात बसत नाही. तिनं डिकीतून अठरा पानं काढली. “दाखवा कुठल्या पानावर. की मला कामगार म्हणा, कागदावर लिहून द्या. उद्या आठला टी-शर्ट घालून येते.”

तेवढं मात्र त्यानं केलं नाही. उलट तिला उधव्याचा भाग देणंच बंद केलं आणि तिथं डहाणूच्या एका पोराला पाठवलं. पोरगा चांगला होता, पण पाडे त्याला माहीत नव्हते. पार्सलं ढिगानं परत जाऊ लागली. दोन महिन्यांत कंपनीनं परेशला ईमेल केला, की तुमची फ्रँचायझी रद्द करत आहोत. कारण द्यायला आपण बांधील नाही, हेही त्यात होतं.

मग परेशनं जे केलं ते बघून माझी त्याच्याविषयीची उरलीसुरली सहानुभूतीही संपली. तो माझ्याकडे शाळेत आला. अर्ज लिहून हवा होता, मराठी चांगलं पाहिजे म्हणाला. मजकूर असा, की वेळा कंपनीच ठरवायची, दर कंपनीच ठरवायची, त्यामुळे मी नावालाच मालक, खरं तर त्यांचा कामगारच आहे, मला न्याय मिळावा. त्याच्या चेहऱ्यावर लाज शोधली. सापडली नाही. मी म्हटलं, “पुष्पाकडे जा. तिला हा मजकूर पाठ आहे.”

तो गेला नाही, अर्थात.

शेड आणि फ्रँचायझी आता अमृतकडे आहे. अमृत मूळचा घोलवडचा, आधी चिकूच्या पेट्या ट्रकनं पाठवायचा. माणूस परेशपेक्षा फार थोर आहे असं नाही, फक्त पाडे कोणाला माहीत आहेत हे त्यानं आधी विचारलं. पुष्पा त्याला म्हणाली, “आधी पत्र.” त्यानं अर्ध्या पानाचं मराठी नेमणूकपत्र दिलं. त्यात आडनाव ‘वराठे’ पडलं होतं. तिनं तिथंच उभं राहून ते बदलून घेतलं. मिळकत तीन कंपन्यांच्या धावपळीपेक्षा कमी आहे, हे ती लपवत नाही. पण पावसात ती पडली, गुडघ्याला मार लागला, तेव्हा नऊ दिवस पगारी रजा मिळाली. भिकीला हे खरं वाटेना. पोरीचं काहीतरी चुकलंय, लोक पैसे परत मागायला येतील, म्हणून ती रोज वाटेकडे बघत बसायची.

मध्यंतरी तालुक्याहून एक साहेब माझ्या शाळेत आले. स्वयंरोजगार मेळाव्याच्या फलकावर यशस्वी महिला उद्योजक म्हणून त्यांना पुष्पाचा फोटो हवा होता. जुन्या कुठल्या तरी यादीत तिचं नाव मिनी फ्रँचायझीखाली राहिलं होतं. साहेबांनी सोबत फेटा आणला होता.

पार्सल घेऊन शाळेत आलेली पुष्पा स्कूटरवरून उतरलीसुद्धा नाही. “मी नोकरी करते,” ती म्हणाली. “फोटो पाहिजे तर परेशभाईंचा घ्या. त्यांना वेळ आहे.”

साहेब हसले, त्यांना वाटलं ती लाजते आहे. फेटा पुढे करत म्हणाले, “दोनच मिनिटं, ताई.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी फेटा पिशवीत ठेवला आणि मला विचारलं, की गावात दुसरी कोणी उद्योजक आहे का.