सासूबाईंबरोबर कोरियन हॉटेलात

मैत्रिणींनो, आज दुपारी सासूबाईंना घेऊन राजारामपुरीतल्या कोरियन हॉटेलात गेलते. मामंजी वारल्यापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. "नात मोबाईलवर दाखवती ती लाल शेवयांची वाटी खायची हाय," असं त्याच म्हणाल्या.

गरम रामेनची ती लाल वाटी नुकतीच समोर आली, तर पलीकडच्या टेबलावरून चुलत सासूबाई उठून आल्या. "अक्का, एवढ्यात हॉटेलात? लोक काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नवरा गेलाय माझा, भूक न्हाय गेली. बस की, तूबी खा."

चुलत सासूबाई तोंड वाकडं करून गेल्या. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अख्खी वाटी संपवली.

रविवारी आम्ही पुन्हा जाणार. बाईनं किती दिवस दुःखी दिसायचं, हे ठरवणारे लोक कोण?