समोरून पाहिलेलं चित्र

आम्हाला शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुमनबाईंनी निवृत्तीनंतर पहिलं प्रदर्शन भरवलं. त्यातलं सगळ्यात मोठं चित्र पुठ्ठ्याच्या उभ्या घड्यांवर रंगवलेलं होतं. समोरून नुसते चौकोन दिसत. चालत बाजूला गेलं की तेच चौकोन वळू लागत, त्यांचे रंग पालटत. चार महिने बाई त्या घड्या घालत बसल्या होत्या.

उद्घाटनाला आलेले साहेब चित्रासमोर उभे राहिले ते खिळल्यासारखे, कारण फोटोवाला समोर होता.

"साहेब, जरा इकडे सरकून बघता का? चित्र बदलतं," बाई म्हणाल्या.

"आम्हाला इथूनच सगळं दिसतं," साहेब म्हणाले आणि तिथूनच कलेच्या दृष्टीवर वीस मिनिटं बोलले. चार पावलं चालायलाही ज्याला कमीपणा वाटतो, त्याला देवाने डोळे तरी कशाला दिले असतील, असं मला वाटत राहिलं. भाषण संपवून त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि ते गाडीत बसले. मागोमाग सगळा हॉल चहाकडे वळला.

"काय हा माणूस, बाई! चित्र धड पाहिलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

"ते जाऊ दे रे," बाई म्हणाल्या. "तू पाहिलंस ना? उजवीकडून कोणता रंग दिसतो, सांग बरं."

मला सांगता येईना. भाषणभर मी साहेबांच्या शेजारी उभा होतो, फोटोत येईन अशा बेताने.